मूठभर तांदूळ, दशमांश आणि मंडळीचा हिशेब

कणसवेचणी (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची ख्रिस्ती माणसं, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शंभर-सव्वाशे घरं. निम्मी शेतमजुरीवर, काही शिक्षक, काही नर्सबाई, आणि तरणी पोरं पुण्याला कंपनीत. पूर्वी बाहेरून थोडीफार मदत यायची, ती आता जवळजवळ थांबली. पाळकसाहेबांचा (चर्चच्या पास्टरांचा) पगार मागे पडतो. कोणी दवाखान्यात ॲडमिट झालं की ऐनवेळी वर्गणीसाठी पळापळ होते. म्हणून पंचकमिटीने विषय घेतलाय : कमावत्या प्रत्येक घराने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यायचा, आणि कोणी किती दिला याची यादी दर महिन्याला चर्चच्या फळ्यावर लावायची.

दशमांशाला माझा विरोध नाही. यादीला आहे.

यादीच्या बाजूने बायबलमधला मार्कचा बारावा अध्याय पुढे केला जातो. प्रभू येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता, श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या. ‘बघा, तोही पाहतच होता की!’ असं कमिटीतले ज्येष्ठ म्हणतात. पाहत होता, हे खरं. पण त्याने तिला थांबवलं नाही, तिचं नाव पुकारलं नाही. शिष्यांना जवळ बोलावून त्यांना शिकवलं. ती बाई आली तशी निघून गेली, आणि आपल्याबद्दल कोणी काही बोललं हे तिला कळलंसुद्धा नसेल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तर उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका इतकं स्पष्ट आहे. मग फळा कुठून आला?

यादीने काय होतं ते मी पाहिलंय. आपल्याकडचा हंगामाचा सण सगळ्यांना माहीत आहे. वेदीपुढे बाजरीची कणसं, कोबीचे गड्डे, दुधी, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एकेक अंडं शंभराला जातं, घेणारा ते परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. लहान पोरंसुद्धा ओरडून बोली लावतात. एका मंडळीत (नाव नको) असाच आनंदाचा लिलाव झाल्यावर कोणीतरी माईकवर वर्षभराची यादी वाचली. अमुक साहेब पाच हजार, तमुक साहेब तीन हजार. शेवटी खुरपणीला जाणाऱ्या एका बाईंचं नाव आलं, पुढे वीस रुपये. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्या बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि लिलावातली मेथीची जुडी तिथेच बाकावर ठेवून त्या निघाल्या. पुढच्या वर्षी त्या सणाला आल्या नाहीत.

तुमच्या मंडळीत, कॅथलिकांच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) काय पद्धत आहे ते लिहा. गरीब घरालाही मान खाली न घालता देता यावं आणि चर्चही चालावं, असं कुठे जमलंय का?

भांडार

ताई, तुमचं दुःख समजतं. पण मी स्वतः खजिनदार होतो, तेव्हा दुसरी बाजूही लिहितो.

चाळीस हजार पगाराचा माणूस थैलीत दहाची घडी घातलेली नोट टाकतो. त्याच्या मुलीचं लग्न, घरातला अंत्यविधी, वास्तुप्रार्थना, सगळ्याला पाळक हवा असतो. पाळकाने जेवायचं काय? बायबलमध्ये नहेम्याच्या तेराव्या अध्यायात हेच घडलंय. लेव्यांचे, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांचे, वाटे कोणी दिले नाहीत, म्हणून लेवी मंदिरातली सेवा सोडून आपापल्या शेताला पळाले. नहेम्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, तेव्हा कुठे धान्य, द्राक्षारस आणि तेलाचा दशमांश भांडारात आला. मलाखी संदेष्ट्यानेही ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ असं म्हटलंय, आणि देत नाही त्याला देवाला ठकवणारा म्हटलंय. लाजेशिवाय काही माणसं हलत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

डोंगरवाट

बँकेच्या नोकरीत माझी बदली ऐजॉलला झाली होती. मिझोराममध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तिथे जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण कणसवेचणीताईंच्या प्रश्नाला यापेक्षा जवळचं उत्तर मला माहीत नाही.

तिथे ‘बुहफाई थाम’ नावाची रीत आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेते आणि ते धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून चुलीजवळच्या वेगळ्या डब्यात टाकते. दर स्वयंपाकाला. आमच्या घरमालकीणबाई हे इतक्या सहज करायच्या की सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, तांदूळ जास्त झाले म्हणून परत टाकताहेत. ठरलेल्या दिवशी वस्तीतल्या चर्चच्या बायका पिशव्या घेऊन घरोघर फिरतात, डबा पिशवीत रिकामा करून घेतात. तांदूळ चर्चमध्ये जमा होतो, विकला जातो, आणि पैसा सुवार्तेच्या आणि मंडळीच्या कामाला जातो.

ही रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली. लॉरेन आणि सॅव्हिज हे पहिले मिशनरी तिथे पोहोचले जानेवारी १८९४ मध्ये. म्हणजे अक्षरओळख होऊन पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. लोकांकडे रोख पैसा जवळजवळ नव्हताच. डोंगरउतारावर झूम (जंगल तोडून-जाळून केलेली फिरती) शेती, घरात भात. जे होतं त्यातूनच काढलं. पुढे याच मुठींवर त्या मंडळ्या आपले प्रचारक स्वतः पोसू लागल्या, राज्याबाहेरसुद्धा. रोज खायला आहे तोवर रोज द्यायलाही आहे, असं तिथली माणसं म्हणतात, आणि तसं वागतात.

यात कोणाची मूठ केवढी याची यादी होऊच शकत नाही. बंगल्यातली मूठ आणि पत्र्याच्या घरातली मूठ पिशवीत पडली की एक होते. आणि गरीब बाई इथे देणारी असते, फक्त घेणारी नसते. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

भांडार

डोंगरवाट, वाचून बरं वाटलं. पण मग मोठ्या पगाराचा माणूस मूठभर तांदळात सुटला की! त्याच्या घरात चार माणसं आणि मजुराच्या घरात आठ. मजुराच्याच घरची मूठ जास्त वेळा निघेल.

डोंगरवाट

रास्त प्रश्न. मिझो लोक मुठीबरोबर दशमांशही देतात, एकाने दुसरा माफ होत नाही. पगारदार त्याच्या पगारातून देतो, मूठ चुलीतून निघते. मूठ ही घराची सवय आहे. लहान मूल आईला रोज ते करताना बघतं. मोठेपणी त्याला दशमांशावर प्रवचन द्यावं लागत नाही.

बावखल

वसईहून. आमच्याकडे कॅथलिक धर्मग्रामात दशमांशाचा आग्रह नसतो. मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, अर्पणाची पिशवी फिरते, सणाला वेगळं दान होतं, उपवासकाळात घरातल्या खोक्यात पैसे साठवून ईस्टरच्या आधी देतात.

पण मला लिहायचंय ते विन्सेंट दि पॉल सोसायटीबद्दल. गरिबांना मदत करणारी ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. तेव्हा तो विशीचा होता. आज आमच्या बहुतेक धर्मग्रामांत तिची शाखा आहे. दोन पद्धती सांगते.

एक, घरभेट. गरजू घरी जायचं ते दोघांनी मिळून, आणि जाऊन बसायचं. चहा दिला तर प्यायचा. धान्याची गोणी दारात टाकून फोटो काढून परत येणं याला आमच्यात मदत म्हणत नाहीत. माझे सासरे तीस वर्षं हे काम करत होते. कोणाच्या घरी गेले ते त्यांनी सासूबाईंनाही कधी सांगितलं नाही.

दोन, गुप्त थैली. सभा संपताना कापडी पिशवी सभासदांमध्येच फिरते. प्रत्येक जण मूठ बंद करून हात आत घालतो आणि उघडा हात बाहेर काढतो. कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नाही, तोही हात घालतो. हे मला फार आवडतं.

अभंगवाचक

मी ख्रिस्ती नाही, साताऱ्याचा आहे. धागा वाचताना मुष्टिफंड आठवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी गावोगावच्या बायका दळणातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढून द्यायच्या. माझी आजी सांगायची, जात्यावर बसलं की पहिली मूठ बोर्डिंगच्या पोरांची. त्या मुठींवर सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवून शिकली.

एक विचारू का? राग मानू नका. तुमच्या फंडातून मदत फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळते, की शेजारच्यालाही?

कणसवेचणी

राग कसला दादा, विचारायलाच हवं होतं.

खरं सांगायचं तर दोन्ही मतं आमच्यात आहेत. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल सर्वांचं बरं करा म्हणतो आणि लगेच ‘विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं’ असंही म्हणतो. काही जण दुसरा अर्धाच धरतात. पण येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यात पडलेल्या माणसाला जात, धर्म कोणी विचारलेला नाही. मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी वानलेस डॉक्टरांनी दवाखाना काढला. तिथे सांगली-कोल्हापूर-बेळगावकडचा कोण पेशंट आला नाही? परदेशातल्या साध्या साध्या मंडळ्यांनी पाठवलेला पैसा होता तो, आणि तिथे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी धर्म विचारला नाही. आता आमच्यावर द्यायची पाळी आली तर आम्ही दारात धर्म विचारणार का? आमच्या आजारपणाच्या फंडातून गल्लीतल्या कोणालाही मिळावं, हा ठराव मी मांडणार आहे. मुष्टिफंडाचं उदाहरण सभेत सांगेन.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितेय, इथे नोकरीला आहे. इथे चर्चचा सभासद असल्याची नोंद असली की पगारातूनच चर्चकर कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. उत्पन्नाच्या नव्हे, आयकराच्या, हे लक्षात घ्या. नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. दर वर्षी लाखो लोक ती करतात.

याचा फायदा दिसतो. पाळकाचा पगार वेळेवर, इमारती नीटनेटक्या, ऑर्गन वाजता. पण भांडारदादा, सक्तीने पैसा येतो, माणूस येतोच असं नाही. आमच्या इथे मोठ्या चर्चमध्ये रविवारी मोजकी डोकी असतात. मी तो कर भरते आणि त्याला करच समजते. माझं देणं वेगळं आहे. गावात ‘टाफेल’ आहे, दुकानांतलं उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना देणारी संस्था, १९९३ मध्ये बर्लिनला सुरू झालेली. शनिवारी मी तिथे पाव निवडायला जाते. कडक झालेले एकीकडे, बुरशीचे फेकायला, मऊ पाव टोपलीत. हे काम केल्यावर मला अर्पण केल्यासारखं वाटतं. पगारपत्रकातली ओळ वाचून कधीच वाटलं नाही.

पौलाने करिंथकरांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण दिलं. त्या स्वतः कंगाल होत्या, आणि आम्हालाही वाटा उचलू द्या म्हणून त्यांनी पौलाला विनवणी केली. विनवणी! देऊ द्या म्हणून. हे फळ्यावर यादी लावून होत नाही.

भांडार

नेकारकाठताई, पटतंय. लाजेचा शब्द मागे घेतो. पण मोठ्या पगारवाल्याचं काय, हा माझा प्रश्न अजून उभा आहे.

जुना_हिशेबनीस

भांडारसाहेब, त्याला वेस्लीचं उदाहरण द्या. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना त्याचं वर्षाचं उत्पन्न ३० पौंड होतं. २८ पौंडांत तो भागवायचा, २ द्यायचा. पुढे उत्पन्न ६० झालं, ९० झालं, १२० झालं. त्याने खर्च २८ वरच ठेवला आणि वरचं सगळं देत गेला. दशमांश हा मजुरासाठी जड असू शकतो आणि साहेबासाठी फार हलका. लाखभर कमावणाऱ्याचे दहा हजार गेले तरी त्याच्या ताटातलं काही कमी होत नाही. त्याला दहा टक्क्यांवर थांबवायचं कशाला? पाळकांनी पगारदारांच्या घरी जाऊन हे एकेकाशी बोलावं. माईकवरून नको.

आता हिशेबाचं. मी ट्रस्टचे हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलं, म्हणून जरा लांब लिहितो.

बाहेरची मदत आटली याचं एक कारण कायदा. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा २०२० मध्ये बदलला. आता परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच यावा लागतो, आणि प्रशासनाचा खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आणलाय. मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातल्या मंडळीला जे झिरपायचं ते यामुळे बंद झालं. तेव्हा आपल्या चर्चचा भार आपणच उचलायचा. पंडिता रमाबाईंचं बघा. बोस्टनच्या मंडळाने त्यांना दहा वर्षं मदतीची हमी दिली होती. १८९८ मध्ये ती मुदत संपली, आणि त्याच सुमारास दुष्काळात उचलून आणलेल्या शेकडो मुली केडगावात जेवायला होत्या. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, आणि उरलेल्यासाठी देवावर भिस्त ठेवली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचून त्यांना हे बळ आलं होतं.

म्युलरची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तो अनाथाश्रमासाठी कोणाकडे पैसे मागत नसे, पण हिशेब दर वर्षी छापायचा. देणाऱ्याचा गवगवा नाही, पैशाचा हिशेब मात्र जगासमोर. आमच्या कमिट्यांनी हे नेमकं उलटं करून ठेवलंय! देणाऱ्याचं नाव फळ्यावर आणि खर्चाची वही खजिनदाराच्या कपाटात. लोक देत नाहीत याचं निम्मं कारण हेच आहे, असं माझं ठाम मत आहे. पौल वर्गणी घेऊन यरुशलेमेला निघाला तेव्हा त्यानेही एकट्याने पैसा नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांना दुसरं पत्र, आठवा अध्याय.

तर करायचं ते असं : थैली उपासना संपल्याबरोबर तिथेच मोजायची, नात्यात नसलेल्या दोघांनी, आणि वहीत दोघांच्या सह्या. सोमवारी बँक. महिन्याला जमा किती, खर्च किती, कशावर, एवढं फळ्यावर. नावं शून्य. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबपत्रकं जातातच, त्याची एक प्रत चर्चमध्ये वाचायला ठेवा.

वेदांगी_पुणे

मी पुण्यातली ‘कंपनीतली पोर’. माझ्यासारख्यांना गावच्या मंडळीला द्यायचं असतं, पण रविवारी गावी नसतो. क्यूआर कोड लावा की. पण काका, त्यात नाव दिसतं ना? मग गुप्त कसं? आणि ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल का?

जुना_हिशेबनीस

बेटा, नाव खजिनदाराला दिसेल, वहीत राहील, पावतीवर येईल. फळ्यावर येणार नाही. तेवढं पुरे. कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा, कोणाच्या वैयक्तिक नंबरचा नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघा. नुसतं धार्मिक काम करणाऱ्या ट्रस्टला ८०जी मिळत नाही. शिक्षण-आरोग्याच्या कामाचा वेगळा ट्रस्ट असून त्याला मान्यता असेल तर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि रोख दोन हजारांच्या वर दिलं तर नाही. सवलत बघून द्यायचं का, ते तू ठरव.

कणसवेचणी

महिला मंडळात काल मुठीचा विषय काढला. सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या! अडचणीही निघाल्या. आमच्याकडे कोणाच्या घरी बाजरी, कोणाकडे ज्वारी, कोणाकडे रेशनचा तांदूळ-गहू. एकाच डब्यात मिसळलं तर ते कोण घेणार? पावसाळ्यात टोके पडतात. आणि रेशनचं धान्य विकायला काढणं मला बरोबर वाटत नाही.

डोंगरवाट

मग विकू नका. जवळ वसतिगृह असेल तर थेट तिथल्या स्वयंपाकघरात द्या, किंवा आजारी माणसाच्या घरी. धान्यागणिक वेगळी पिशवी. आठवड्याला गोळा करा, साठवू नका, म्हणजे टोक्यांचा प्रश्नच येणार नाही.

अभंगवाचक

डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आमच्याकडे अजून तसंच करतात.

बावखल

आणि गोळा करायला दोघी-दोघी जा, ताई. एकीने पिशवी धरायची, दुसरीने घरात बसून चार शब्द बोलायचे. कोणाच्या घरी डबाच रिकामा असला, तर तिथे काय कमी पडलंय ते त्याच वेळी कळेल.

भांडार

कणसवेचणीताई, तुमच्या कमिटीतल्या ज्येष्ठांपैकी मी नसलो तरी त्यांच्याच वयाचा आहे. त्यांना सांगायचं झालं तर यादीऐवजी हिशेबाचा तक्ता फळ्यावर लावा, असा सरळ पर्यायी ठराव ठेवा. नुसता विरोध केला तर ते ऐकणार नाहीत. पाळकाच्या पगाराची रक्कम त्यात पहिल्या ओळीत लिहा. ती किती कमी आहे हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं.

कणसवेचणी

हे उत्तम सुचवलंत. सभा पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. हिशेबनीस काका, तक्त्याचा नमुना मिळेल का? साधा हवा, आमच्या खजिनदारांना कॉम्प्युटर येत नाही.

जुना_हिशेबनीस

हाताने आखायचा देतो. चार रकाने : तारीख, तपशील, जमा, खर्च. खाली मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. धान्यासाठी वेगळं पान, त्यात किलो लिहा, रुपये नको. रात्री व्यक्तिगत निरोपात पाठवतो.